आमच्या घरी त्या दिवशी आलू होते

मु. सालईटोला, पो. करडी, ता. मोहाडी
वार गुरुवार. (तारीख पाहायला उठलो तर पार्वताबाई विचारेल कोणाला लिहून राहिले, म्हणून राहू द्या.)

सन्माननीय इवाई ताराचंदजी यांस, सालईटोल्याहून तुमचा इवाई, म्हणजे भावनाचा सासरा, तेजराम याचा मनापासून जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या वेळी तुम्ही आमच्या खाटेवरून उठलात तेव्हा जो आवाज आला तो गुडघ्याचा होता की खाटेचा, यावर माझा आणि पार्वताबाईचा वाद अजून मिटलेला नाही. चंद्रकलाबाईंची शुगर आटोक्यात असावी अशी आशा करतो. इकडे आम्ही सारे जिवंत आहोत आणि त्याच्यापुढं लिहावं असं चांगलं काही घडलेलं नाही. तुमचा जावई अश्विन राइस मिलमध्ये जाऊन येऊन आहे. नात रुचिता शाळेत जाते. भावना तब्येतीनं ठीक आहे. (तब्येतीनं, असं मी मुद्दाम लिहिलं.) चंद्रकलाबाईंनी परवा फोनवर, तुम्ही दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आलात तेव्हा इथून पिशवीभर नेलेल्या वांग्यांची फार तारीफ केली. अशी वांगी साऱ्या पवनी तालुक्यात मिळत नाहीत म्हणाल्या. ते ऐकून मला जेवढा आनंद व्हायला पाहिजे होता तेवढा झाला नाही. कारण पुढं येईल. घाई करू नका, आणि हे पत्र जेवल्याबरोबर वाचत असाल तर थोडं थांबून वाचा.

हे सारं फोनवरच सांगितलं असतं. पण मला कमी ऐकू येतं म्हणून अश्विन फोनचा आवाज मोठा करून देतो आणि मग तुम्ही आसगावात जे बोलता ते आमच्या पानठेल्यावर ऐकू जातं. म्हणून पुतण्या अंकुश पवनीला त्याच्या सासुरवाडीला चालला आहे, त्याच्या हाती हे देतो.

तुम्ही भावनाच्या सोयरिकीसाठी पहिल्यांदा आमच्या गावात आलात तेव्हा तुमचा पाय नालीत गेला होता, ते तुम्ही विसरला असाल, मी विसरलो नाही. एक चप्पल मिळाली आणि दुसरी, माझा अंदाज आहे, वाहत गावच्या तळ्यात, आमच्या बोडीत गेली. तीच ती नाली. साऱ्या गावाचं अंघोळीचं, भांड्याचं, धुण्याचं पाणी तिच्यातून रस्ता ओलांडून बोडीत जायचं, आणि बोडीतून मच्छर होऊन घरोघरी परत यायचं. त्यावर ग्रामसभेत चर्चा चालू होती. नागपूरच्या एका संस्थेच्या खुशबू मॅडम नकाशा घेऊन उभ्या होत्या. नालीचं पाणी आधी टाक्यात थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, मग गिट्टी आणि रेतीच्या लांब वाफ्यातून न्यायचं, वाफ्यात कर्दळी लावायच्या, कर्दळीच्या मुळांतून पाणी गाळून निघेल, आणि शेवटी ते पंपानं भाजीच्या वाडीला द्यायचं. मला आपलं सहज वाटलं म्हणून मी विचारलं, की मॅडम, कर्दळी जनावरांनी खाल्ल्या तर? झालं. आमच्या गावात जो प्रश्न विचारतो त्यालाच अध्यक्ष करतात, म्हणजे पुन्हा कोणी विचारत नाही. मी बसेपर्यंत सांडपाणी समितीचा अध्यक्ष झालो होतो. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, जे काही वाचता लिहिता येतं ते दुकानाच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद वाचून आलेलं, आणि आता माझ्या नावापुढं अध्यक्ष, आणि अध्यक्षाच्या आधी सांडपाणी.

या कामाला भागीदारी म्हणतात. महामार्गावरच्या एका कंपनीनं पंप दिला. संस्थेनं अक्कल दिली. ग्रामपंचायतीनं कोंडवाड्यामागची पडीक जागा दिली. बायांच्या बचत गटानं मेहनत दिली. आणि गावानं नालीचं पाणी दिलं, ते तर गाव आधीपासूनच देत होतं. साऱ्यांची नावं घालून एक निळी पाटी लागली. त्या पाटीवर शेवटच्या ओळीत तुमच्या लेकीचं नाव आहे, बचत गट अध्यक्षा म्हणून. पाटी लागली त्या दिवशी भावना घागर घेऊन तिच्यापुढून दोनदा गेली. घागर रिकामीच होती.

आता उद्घाटन. इथून नशीब फिरलं असं समजा. खुशबू मॅडमनं टेबलावर दोन ग्लास ठेवले होते, एकात नालीचं काळं पाणी आणि दुसऱ्यात गाळून निघालेलं पांढरं स्वच्छ पाणी. लोकांना फरक दिसावा हा हेतू. हे पाणी पिण्याचं नाही, भाजीला देण्याचं आहे, हे त्या सांगणारच होत्या. पण सांगायच्या आधी भय्याजी आला. भय्याजीला तुम्ही ओळखता. माझ्यासोबत चौथीपर्यंत एकाच तरटावर बसलेला, आमच्या धानाच्या बांध्यांना लागून त्याच्या बांध्या, पानठेल्यावर त्याच्याशिवाय कोणाचं तोंड उघडत नाही. तो शेतावरून उन्हातान्हाचा चालत आला. आपल्याकडे माणूस कुठंही गेला की आधी त्याच्यापुढं पाणी येतं, आणि आलेलं पाणी कुठलं म्हणून कोणी विचारत नाही. भय्याजीनं मंडपात शिरून समोर ग्लास पाहिला, उभ्यानंच उचलला आणि एका दमात रिकामा केला. वर दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाला, "थंडं आहे गा पाणी, कोणत्या विहिरीचं?"

मॅडम माझ्याकडे पाहू लागल्या. कोणीतरी सांगायला पाहिजे होतं आणि मी अध्यक्ष होतो. सांगितलं. भय्याजीला तोपर्यंत काही झालेलं नव्हतं. सांगितल्यावर मात्र त्याचं पोट बिघडलं आणि दोन दिवस बिघडलेलं राहिलं. डॉक्टर म्हणाले पोटात काही नाही, डोक्यात आहे. त्यानं डॉक्टरचं ते ऐकलं नाही, आणि माझं तर त्या दिवसापासून ऐकणंच बंद केलं.

तेव्हापासून पानठेल्यावर एकच विषय. "त्या वाडीचे वांगे मी खाईन? तेजरामच्या घरचं धुणं अन् साऱ्या गावचं न्हाणं त्या वांग्याईत उतरलं आहे." आता इवाई, त्याच्या घरचं पाणी आणि माझ्या घरचं पाणी तीस वर्षांपासून एकाच नालीतून जात होतं, एकाच बोडीत पडत होतं, त्याला कोणाची हरकत नव्हती. टाक्यात एकत्र बसलं, चाललं. कर्दळीतून एकत्र गळलं, तेही चाललं. वांगं होऊन ताटात आलं तेव्हा लोकांना आठवलं की याच्यात कोणाकोणाचं पाणी आहे. कोणी काही तोंडानं म्हणत नाही. फक्त घेत नाहीत. भावना टोपली घेऊन दारोदार गेली तर लोक म्हणतात, आजच भाजी आणली. रोज आजच आणलेली असते.

आणि पीक असं आलं की काय सांगू. बियाणं कुठलं म्हणाल तर तुमच्याच वाडीतलं, भावना माहेराहून पदरात बांधून घेऊन आली होती. काटेरी देठ, जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा. बायांमध्ये सगळ्यात जास्त राबली कोण, तर सत्यभामाबाई, म्हणजे भय्याजीचीच बायको. ती आणि भावना मिळून सकाळी वांगी तोडायच्या. पण सत्यभामाबाई घरी एकही न्यायची नाही, कारण नवऱ्यानं पानठेल्यावर शपथ घेतली होती. मग न विकलेलं सारं कुठं जाणार? आमच्या घरी. आम्ही सकाळी वांगी, संध्याकाळी वांगी खाऊन राहिलो. पार्वताबाईनं लाखोरीच्या वरणात टाकली, आलूशिवाय केली, भाजून भरीत केलं, चकत्या करून छपरावर वाळवल्या. अश्विनचा डबा उघडला की मिलमधले लोक आपापले डबे झाकतात. शाळेतल्या बाईंनी रुचिताला घराचं चित्र काढायला सांगितलं, तिनं घर जांभळं रंगवलं.

शेवटी भावनानं एक काम केलं, आणि मला ते माहीत होतं, हे मी इथं लिहून ठेवतो म्हणजे उद्या तुम्ही तिलाच बोलणार नाही. तिनं वांगी पोत्यात भरून करडीच्या आठवडी बाजारात बाबुलालकडे द्यायला सुरुवात केली. बाबुलाल भाजीवाला. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बाजारात वांग्याला कोणी गाव विचारत नाही. तिथं ती बारा वाजेपर्यंत संपायची.

इतक्यात दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्या गावची मंडई म्हणजे गावोगावचे पाहुणे, दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि घरोघरी गंजभर भाजी. पाहुण्यांना आलू-वांगं पाहिजेच. सारा गाव उठून करडीच्या बाजारात गेला आणि बाबुलालकडून निवडून निवडून, देठ दाबून पाहून, वांगी घेऊन आला. आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी सालईटोल्यात एकही चूल अशी नव्हती जिच्यावर आमच्या नालीचं वांगं शिजत नव्हतं.

तुम्ही त्या मंडईला होतात. भय्याजीनं दरवर्षीप्रमाणे मला जेवायला बोलावलं, (ग्लासाचा राग होताच, पण मंडईच्या दिवशी राग धरत नाहीत,) आणि सोबत इवाई आहेत म्हणून तुम्हालाही नेलं. घरापुढच्या सपरीत आपण दोघं शेजारी बसलो होतो. भय्याजी तीनदा भाजी घेऊन म्हणाला, "याले म्हणतात वांगं. करडीकडची मातीच वेगळी." तुम्हीही म्हणालात, अगदी बरोबर, असं वांगं आमच्याकडे होत नाही. (तुमचंच बियाणं होतं, इवाई.) वाढायला सत्यभामाबाई आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं तोडलेली वांगी बाई ओळखणार नाही तर कोण ओळखेल? तिनं माझ्या ताटात अजून एक वाढलं. आणि तुमच्या पिशवीत पाहुण्याची भेट म्हणून जी वांगी घातली तीही तीच. आता पोटावर हात ठेवू नका. एवढे दिवस झाले, काही व्हायचं असतं तर झालं असतं. संस्थेनं नागपूरला तपासून घेतली आहेत, शिजवून खाल्ली तर काही होत नाही. आम्ही सहा महिन्यांपासून खाऊन राहिलो आणि कंटाळ्याशिवाय आम्हाला काही झालं नाही.

मला वाटलं होतं हे गुपित असंच पोटात राहील आणि सगळं सुरळीत चालेल. पण मागच्या सोमवारी कंपनीचे साहेब पाहणीला आले. ग्रामसभा भरली. साहेब सरळ म्हणाले, "पाणी तुमचं, बाया तुमच्या, अन् तुमचंच गाव ही भाजी घेत नाही. मग आम्ही पंप इथं कोणासाठी ठेवायचा? दुसरं गाव मागून राहिलं आहे." पंप गेला म्हणजे पाणी टाक्यातच राहील, टाकं भरून वाहील, आणि नाली परत बोडीत. वाडी वाळेल, बचत गट मोडेल. भावना बायांमध्ये बसून मान खाली घालून नखानं जमीन उकरत होती. तुम्ही असता तर तुम्हाला पाहवलं नसतं. मला पाहवलं नाही. मी सारं सांगून टाकायला उठलो, पण माझा गुडघा तुमच्यासारखाच, मी उठेपर्यंत भय्याजी उठून बोलायलाही लागला होता.

"साहेब, मी काही विरोधात नाही. आमी का वांगे खात नाही? मंडईले करडीहून आणले होते, पाव्हण्याईनं बोटं चाटले. तसे वांगे या बायाईनं काढून दाखवावे, पहिला घास माहा."

सत्यभामाबाई उठलीसुद्धा नाही. बसल्या जागेवरून पदर सावरत म्हणाली, "पहिला घास कवाच झाला तुमचा. तीनदा मागून घेतले. ते वांगे मी अन् भावनानंच तोडले होते."

मग सगळ्यांनी एकदम हिशोब केला की बाजार कोणता, पोतं कोणाचं, भाजी कोणाच्या घरी. मला क्षणभर वाटलं, चला, सुटलो. साहेबांनाही तसंच वाटलं. ते हसून म्हणाले, "मग तर साऱ्या गावानंच खाल्ली. सांगा बरं, मंडईला कोणाकोणाच्या घरी वांगी होती? हात वर करा."

इवाई, एक हात वर झाला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, आमच्या घरी त्या दिवशी आलू होते. दुसरा म्हणाला, आमच्याकडेही आलूच. मग ओळीनं सारेच. आलू, आलू, आलू. एकानं चणे म्हटलं, पण शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर तोही आलूवर आला. शेवटी भय्याजी म्हणाला, "आमच्या घरीबी आलूच होते. सत्यभामेले आठवत नाही, तिले त्या दिवशी उपास होता." चाळीस वर्षांत त्या बाईनं मंडईला उपास केलेला मी पाहिलेला नाही, कारण त्या दिवशी ती दुसऱ्यांना वाढूनच जेवते.

मी उभा होतोच. म्हटलं, मी खाल्ली, भय्याजीच्याच सपरीत. साहेब म्हणाले, तुम्ही अध्यक्ष, तुमचं कसं धरायचं? खुशबू मॅडमचे डोळे भरले होते. त्यांनी साहेबांकडून कसंतरी पुढच्या सोमवारपर्यंतची सवड घेतली. त्या मला म्हणाल्या, आजोबा, मंडईला इथं जेवलेला, समितीत नसलेला एक माणूस उभा करा, ज्यानं उभ्यानं म्हणावं की मी खाल्लं, चांगलं होतं, काही झालं नाही. एक बोलला की बाकीचे बोलतील. मी तेव्हापासून दारोदार फिरून राहिलो. सगळे चहा पाजतात. सगळ्यांकडे आलू होते.

भावना रडत नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. रोज सकाळी जाऊन वाडीला पाणी देते, त्या पाटीवरची धूळ पदरानं पुसते आणि घरी येते. पार्वताबाई म्हणते, पोरगी पाटी पुसते तेव्हा शेवटची ओळच पुसते.

असं सारं आहे. तुमचा वेळ घेतला. वडीलधाऱ्यांना जयभीम, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांधून पाहा, मला काही फरक पडला नाही पण तुम्हाला पडेल.

तुमचा
तेजराम

ता. क. : पत्राचं कारण लिहायचं राहिलं. त्या दिवशी भय्याजीच्या सपरीत बाहेरगावचा एकच माणूस जेवला होता, आणि तो तुम्ही. सोमवारी सकाळच्या बसनं या. सभेत उभं राहून काय खाल्लं तेवढं सांगायचं. बाकी मी पाहून घेतो. तुम्ही भावनाचे वडील आहात हे आपणहून सांगू नका, कोणी विचारलं तर खोटंही बोलू नका.

ता. क. दुसरा : चंद्रकलाबाईंनी वांगी संपवली असतील तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. उरली असतील तर आधी संपवू द्या, मग दाखवा.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करतच होतो तेवढ्यात भय्याजी आला. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं. सत्यभामाबाई त्या सभेपासून घरी दोन्ही वेळ आलूच करून राहिली. तो काही म्हणाला की म्हणते, तुमच्या घरी तर आलूच असतात ना. दुसरंही एक आहे, जे मी तुम्हाला कधी बोललो नाही. मी दर मंडईला त्याच्या सपरीत जेवतो, पण तो आमच्या घरी चहाच्या पुढं कधी गेला नाही. दरवर्षी म्हणतो, पोट भरलं आहे. काहून, ते मी कधी विचारलं नाही. आज आला, दारात उभा राहिला, आणि म्हणाला, "वहिनी, काही उरलं आहे का?" पार्वताबाईनंही काही विचारलं नाही. ताट मांडलं आणि "घ्या भाऊजी, आलू घ्या" म्हणून वांगी वाढली. आता मी हे लिहीत असताना तो माझ्यासमोर, आमच्या चुलीजवळ बसून जेवतो आहे. दोनदा घेऊन झालं, तिसऱ्यांदा ताट पुढं केलं आहे. मी त्याला विचारलं, सोमवारी उभा राहून सांगशील का? तो घास गिळून म्हणाला, "इवाईले लिही, माह्या घरी आलू होते."

तेव्हा तुम्हाला यावंच लागेल. आणि येताना आसगावहून खरंच थोडे आलू घेऊन या. आम्हालाही बदल पाहिजे.